काळविटाचा फिर्यादी कोण?

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाने संभाजीनगरहून बीडकडे निघालेल्या प्रवाशाला शहागडचा गोदावरीवरील पूल येण्याच्या थोडे आधी वडीगोद्री लागते. जालना-अंबडकडून येणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळत असल्याने चौकातील धाब्यांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा या परिसरातून जातो. एकेकाळी ज्वारी-बाजरीवर गुजराण करणारा हा मुलूख कालव्याच्या पाण्याने ऊस, कापूस आणि मोसंबीचा झाला. २०२३-२४ मधील आरक्षणाच्या आंदोलनांनी अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही नावे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली. त्या वादाशी प्रस्तुत विषयाचा संबंध नाही. याच भागातील शिवारांत, कालव्याच्या आणि माळाच्या मधल्या पट्ट्यात, काळविटे चरतात. अंधाराचा आणि एकांताचा फायदा घेऊन त्यांतले एखादे कोणी मारले, तर त्याची दाद कोणी मागायची आणि ती कुठे लागते, एवढाच येथे प्रश्न आहे.

वनसंपत्तीच्या दृष्टीने जालना हा दरिद्री जिल्हा. काळविटाला मात्र घनदाट जंगल नकोच असते. तो उघड्या गवताळ माळाचा प्राणी. माळ नांगराखाली गेले, गायराने अतिक्रमणांनी गिळली आणि काळवीट शेतात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतजवळ रेहेकुरी येथे त्याच्यासाठी १९८० मध्ये अभयारण्य झाले. पण मराठवाड्याच्या शिवारांतून फिरणाऱ्या काळविटांना अभयारण्याची सीमा ठाऊक नसते. कायद्यालाही ती या बाबतीत मान्य नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाच्याच पंक्तीचे संरक्षण आहे. व्याघ्र प्रकल्पात गस्तीची चौकी असते, शिवारात ती नसते. कित्येक गावांचा भार वाहणारा एक वनरक्षक आणि त्याची दुचाकी, एवढीच येथली संरक्षणव्यवस्था.

एका पोत्याचा प्रवास

समजा, मार्गशीर्षातल्या एखाद्या रात्री वडीगोद्रीच्या शिवारात बॅटरीचा झोत फिरताना राखणीला बसलेल्या शेतकऱ्याने पाहिला. त्याने चार जणांना उठवले. दोघे पळाले, एक सापडला. त्याच्याजवळ जाळे, कोयता आणि रक्ताने भिजलेले एक पोते. कोणीतरी पोलिसांना कळवले आणि तासाभरात गोंदी ठाण्याची गाडी आली. येथपर्यंतची हकिगत वृत्तपत्रात दोन परिच्छेदांत छापून येते आणि ‘शिकारी जेरबंद’ असा मथळा वाचून सुजाण नागरिक पान उलटतो. न्यायाची गोष्ट खरी सुरू होते ती त्यानंतर, आणि ती कोणी वाचत नाही.

पहिला प्रश्न पडतो तो हा की, गुन्हा कोणाचा? पोलिसांचा की वन विभागाचा? उपनिरीक्षक आणि त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडतीचे आणि जप्तीचे अधिकार कायद्याने दिले आहेत. परंतु न्यायालयाने या गुन्ह्याची दखल घ्यायची ती पोलिसांच्या नेहमीच्या दोषारोपपत्रावरून नव्हे; कलम ५५ नुसार त्यासाठी राज्य शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची तक्रार लागते. सर्वसामान्य नागरिकालाही तक्रार करता येते, पण त्याने साठ दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. पोलिसांनी उत्साहाने प्रकरण आपल्याच पद्धतीने न्यायालयात नेले, तर बचाव पक्षाचा वकील पहिल्याच तारखेला कलम ५५ पुढे करतो. वन विभागाने ते हाती घ्यावे, तर त्या खात्यातील परिक्षेत्र अधिकाऱ्याला रोपवाटिकाही पाहायची असते, वृक्षलागवडीचे उद्दिष्टही गाठायचे असते, पीक-नुकसानीचे पंचनामेही करायचे असतात. गुन्ह्याचा तपास ही त्याच्या दिनक्रमातील अनेक कामांपैकी एक बाब. न्यायालयात उलटतपासणीला उभे राहण्याची सवय त्याला असतेच असे नाही.

दुसरा प्रश्न पोत्यातल्या मांसाचा. ते काळविटाचे की बोकडाचे? कातडे आणि शिंगे शिकाऱ्याने माळावरच टाकली असतील, तर केवळ मांसावरून ते ओळखण्याचा दावा न्यायालयात टिकत नाही. नमुना काढायचा, तो मोहोरबंद करायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राकडे पाठवायचा. पंचनाम्यात नमुने दोन लिहिले आणि पाकिटे तीन निघाली, मोहोर कोणाची हे लिहायचे राहिले, नमुना दोन दिवस कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही, एवढे बचावाला पुरेसे असते. अहवाल काळविटाच्या बाजूने आला तरी, तपासले गेले ते मांस त्याच पोत्यातले होते हे सिद्ध करायचे उरतेच.

तिसरा प्रश्न सर्वांत बिकट आणि त्याची चर्चा सर्वांत कमी. तक्रारीवरून चालणाऱ्या अशा वॉरंट खटल्यात आरोप निश्चित करण्यापूर्वीच फिर्यादी पक्षाला साक्षीपुरावा द्यावा लागतो. त्यानंतर आरोप निश्चित झाला, की त्याच साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावण्याचा हक्क आरोपीला असतो. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलेल्या चोरीच्या खटल्यात कागदपत्रे पाहून आरोप निश्चित होतात आणि साक्षीदार त्यानंतर एकदाच येतो. काळविटाच्या खटल्यात त्याला दोनदा यावे लागण्याची शक्यता असते, आणि दोन फेऱ्यांच्या मधे वर्षे जाऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ही रचना मात्र तीतही कायम आहे.

आता हा साक्षीदार कोण, ते पाहा. पंचनाम्यावर सही करणारा वडीगोद्रीचा तोच शेतकरी. त्या रात्री तो तावातावाने धावला होता. तीन वर्षांनी अंबडच्या न्यायालयाचे समन्स त्याच्या हाती पडते तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो आणि मजूर मिळत नसतात. तो जातो, त्या दिवशी आरोपीचा वकील गैरहजर असतो, पुढची तारीख मिळते. तो पुन्हा जातो; न्यायाधीशांची बदली झालेली असते. दरम्यान आरोपी जामिनावर सुटून गावातच किंवा शेजारच्या गावात राहतो आहे, बाजारात भेटतो आहे, कधी नमस्कार घालतो आहे तर कधी रोखून पाहतो आहे. शेवटी साक्षीच्या पिंजऱ्यात हा शेतकरी सांगतो की, सही आपलीच आहे, पण ती कोऱ्या कागदावर घेतली होती. न्यायालयीन भाषेत याला ‘साक्षीदार फितूर झाला’ असे म्हणतात. फितूर या शब्दाचा इतिहास मराठी माणसाला ठाऊक आहे. तो ज्याला लावला जातो, त्याच्याकडे व्यवस्थेने कोणत्या तोंडाने निष्ठा मागावी, हे मात्र त्या शब्दात येत नाही.

तीन वर्षांची गंमत

प्रत्येक मोठ्या शिकारीनंतर एक मागणी ठरलेली असते: शिक्षा कडक करा. ती यापूर्वी झालेली आहे. २००२ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास ठरवला. शिकारीतून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याचे स्वतंत्र प्रकरण त्याच वेळी कायद्यात आले. आधी दोषी ठरलेला आरोपी अशा गुन्ह्यात पुन्हा पकडला गेला, तर त्याला जामीन जवळजवळ मिळू नये अशी तरतूद झाली. २००७ मध्ये केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग स्थापन झाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि दंड वाढवले: सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी पंचवीस हजारांची कमाल मर्यादा एक लाखावर गेली आणि पहिल्या अनुसूचीसाठीचा किमान दंड दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर. अर्थशोधन प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीतही वन्यजीवांचे गुन्हे आहेत. म्हणजे वाघाच्या कातड्यातून आलेल्या पैशाचा माग काढण्याचे दार सक्तवसुली संचालनालयाला खुले आहे. कायद्याचे भाते भरलेले आहे, बाण काढणाऱ्या हाताचीच उणीव आहे.

त्यातही एक गंमत अशी. तालुक्याच्या ठिकाणी हे खटले ज्यांच्यापुढे चालतात, त्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांहून अधिक कारावास देण्याचा अधिकारच नाही. काळविटाच्या शिकारीची किमान शिक्षा तीन वर्षे आणि तेथील न्यायाधीशाची कमाल मर्यादाही तीन वर्षे. त्याहून अधिक शिक्षा योग्य वाटली, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. सात वर्षांचा धाक दिल्लीत लिहिला जातो आणि तालुक्याला पोहोचेपर्यंत तो तीनवर येतो. किमान शिक्षेचा आणखी एक परिणाम होतो, जो कडक शिक्षेची मागणी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पुरावा कच्चा आहे आणि मधला मार्ग बंद आहे, अशा वेळी न्यायाधीशासमोर दोनच पर्याय उरतात. एका गरिबाला मोडक्या पंचनाम्यावर तीन वर्षे डांबणे किंवा संशयाचा फायदा देऊन सोडणे. सद्सद्विवेकबुद्धी असलेला न्यायाधीश यातले काय निवडेल, हे सांगायला नको.

ज्या गुन्ह्यांना किमान शिक्षा नाही, तेथे तडजोडीची वाट आहे. ससा, तित्तर यांसारख्या प्राण्यांच्या बाबतीत अधिकाऱ्याला तडजोडीची रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येते. २०२२ च्या दुरुस्तीने ही कमाल रक्कम पंचवीस हजारांवरून पाच लाखांपर्यंत नेली. फाइल बंद होते, आकडा जमा होतो. शिकाऱ्याच्या लेखी तो धंद्यातला खर्च ठरतो.

जोधपूरचा धडा

काळविटाच्या न्यायाची देशाला ठाऊक असलेली कथा जोधपूरजवळच्या कांकाणी गावची. ऑक्टोबर १९९८ मध्ये तेथे दोन काळविटांची शिकार झाली. आरोपी चित्रपट अभिनेता सलमान खान असल्याने प्रसिद्धी भरपूर मिळाली. शिक्षा सुनावली गेली ५ एप्रिल २०१८ रोजी: पाच वर्षे कारावास. सहआरोपी कलाकार निर्दोष सुटले. दोनच दिवसांत आरोपीला जामीन मिळाला आणि प्रकरण अपिलांत गेले. गुन्ह्यापासून पहिल्या निकालापर्यंत जवळजवळ वीस वर्षे. काळविटाचे आयुष्य फार तर दहा-पंधरा वर्षांचे. म्हणजे त्या रात्री वाचलेल्या कळपातील एकही प्राणी निकाल लागेपर्यंत हयात नसावा.

या प्रकरणात श्रीमंत आरोपी आणि नामवंत वकील ही बाजू सर्वांनी पाहिली. दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. त्याच सुमारास घडलेल्या चिंकारा-शिकारीच्या दोन खटल्यांत खालच्या न्यायालयांनी दिलेली शिक्षा राजस्थान उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये रद्द केली. त्यामागचे एक मोठे कारण असे की, जीपचा चालक हा महत्त्वाचा साक्षीदार उलटतपासणीसाठी उपलब्धच झाला नव्हता. म्हणजे तेथेही गाडे अडले ते साक्षीदारापाशीच. आणि कांकाणीच्या खटल्यात शिक्षा झाली, तीही साक्षीदारामुळेच. बिश्नोई समाजाचे ग्रामस्थ रात्री जीपच्या मागे धावले, त्यांनी काय पाहिले ते सांगितले आणि वीस वर्षे ते सांगत राहिले. १७३० मध्ये खेजडलीच्या झाडांसाठी अमृतादेवींसह ३६३ जणांनी प्राण दिल्याची स्मृती ज्या समाजात जिवंत आहे, त्याला तारखांचा कंटाळा आला नाही. वडीगोद्रीच्या शेतकऱ्याकडून तीच अपेक्षा करणे सोपे आहे. त्याला ती स्मृती नाही, हा त्याचा दोष नव्हे. काळविटांनी कोवळे कोंब खाल्लेली सोयाबीन मात्र त्याच्याजवळ आहे.

पकडला जातो तो कोण

संसारचंद या नावाने एकेकाळी वन विभागांची झोप उडवली होती. त्याच्यावरील पहिला गुन्हा १९७४ चा, वाघ-बिबट्यांसह निरनिराळ्या प्राण्यांच्या ६८० कातड्यांचा. त्यानंतर तीस वर्षे त्याच्यावर प्रकरणे साचत गेली आणि धंदाही वाढत गेला. २००४-०५ मध्ये सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा देशाला खडबडून जाग आली. ज्या प्रकरणातील पाच वर्षांची शिक्षा ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, ते होते भिलवाडा रेल्वे स्थानकावर २००३ मध्ये दुसऱ्याच माणसाजवळ सापडलेल्या बिबट्याच्या कातड्याचे. २०१४ मध्ये संसारचंद मरण पावला. ६८० कातड्यांपासून सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालापर्यंत ३६ वर्षे गेली.

महाराष्ट्राला याची प्रचीती अलीकडे पुन्हा आली. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे पकडल्या गेलेल्या वाघ-शिकाऱ्याचे नाव दहा वर्षांपूर्वीच्या विदर्भातील प्रकरणांतही आले होते. या वेळी तपास त्याच्या तंबूपाशी थांबला नाही. तो मेघालयातील शिलाँगपर्यंत गेला. हे महत्त्वाचे आहे. एरवी आपली गुन्हे-न्यायव्यवस्था सापळा लावणाऱ्याला पकडते, सापळ्यासाठी आगाऊ पैसे देणाऱ्याला नाही. वाघाची हाडे सीमेपलीकडे जातात, त्याच्याकडे ठाण्याच्या हद्दी असतात, जिल्ह्याच्या असतात, राज्याच्या असतात. व्यापाऱ्याला एकही नसते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाचा २०२४ चा अहवालही हेच सांगतो की, १६२ देश आणि प्रदेशांत सुमारे चार हजार प्रजातींच्या जप्त्या नोंदल्या गेल्या, तरी दोन दशकांच्या प्रयत्नांनी हा व्यापार एकंदरीत घटला, असे विश्वासाने म्हणता येत नाही.

सापळा लावणारा कोण, याचे उत्तर अनेकदा ठरवूनच ठेवलेले असते. फासेपारधी समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण तपास अधिकाऱ्याच्या मनातून तो गेला असे म्हणवत नाही. शिवारात काळविटाचे अवशेष सापडले, की पहिली धाड जवळच्या पालावर. पुरावा नसताना पकडलेला पारधी सुटतो, आणि शहरातून वाहन घेऊन आलेल्या हौशी शिकाऱ्याचा शोधही त्याबरोबर संपतो. पारध्याच्या पोटी जन्मलेल्या मुलाला जाळ्याऐवजी पाटी मिळावी, यासाठी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत १९९३ पासून चाललेले काम या पानांच्या वाचकांना परिचित आहे. वन्यजीव संरक्षणाच्या अंदाजपत्रकात अशा शाळेचा खर्च कोणी धरत नाही, हे मात्र नमूद करायला हवे.

हाच धडा गोदावरीच्या पलीकडच्या काठाने उलट बाजूने शिकवला. मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात एका घरावर वन विभागाने छापा घातला. प्राण्यांचे वाळलेले मांस आणि शिकारीची जाळी सापडल्याचे सांगण्यात आले. प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. लक्षात घ्यायची बाब वेगळीच आहे. हा छापा पडला तो मारहाणीची एक चित्रफीत राज्यभर फिरल्यानंतर. हरणांच्या शिकारीला विरोध केला म्हणून बापलेकाला मारहाण झाल्याचा आरोप पुढे आला तोही त्याच गदारोळात. माणसाला मार बसला तेव्हा हरणांची फाइल उघडली.

शेत खाणाऱ्याची साक्ष

वडीगोद्रीच्या शेतकऱ्याकडे परत यावे लागते, कारण सगळ्या गाठी त्याच्यापाशी येतात. काळवीट, रोही आणि रानडुक्कर यांनी पीक उद्ध्वस्त केले, की त्याला अर्ज करावा लागतो, पंचनाम्यासाठी थांबावे लागते आणि हाती येणारी भरपाई बियाण्याच्या खर्चालाही पुरत नाही अशी त्याची तक्रार असते. ती खोटी म्हणता येणार नाही. रोही आणि रानडुकराच्या बाबतीत परवानगीने पारध करण्याची पद्धत शासनाने केली, काळविटाच्या बाबतीत तसे नाही, आणि नसावेही. पण मग काळविटाच्या चाऱ्याचा खर्च देशाने उचलायला हवा. तो आज एकटा शेतकरी उचलतो. रात्री कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडणारा शेतकरी निर्दयी असतोच असे नाही. त्या तारेला चिकटून कधी रानडुक्कर मरते, कधी बिबट्या, कधी शेजारच्या शेताचा मालक. अशा गावात शिकारीला आलेल्या टोळीकडे पाहण्याची दृष्टी काय असेल? कोणी काही पाहिले नाही, कोणी काही ऐकले नाही. गुन्ह्याला फिर्यादी नसतो आणि साक्षीदारालाच मृताविषयी राग असतो. खुनाच्या खटल्यासाठी घडवलेली न्यायव्यवस्था अशा खटल्यात चाचपडली, तर त्यात नवल नाही.

मेळघाटात वेगळे घडले, कारण तेथे वेगळे केले गेले. २०१३ च्या सुमारास वाघांच्या शिकारी उघडकीस आल्यानंतर व्याघ्र प्रकल्पाने स्वतःची गुन्हे शाखा उभी केली, भ्रमणध्वनींच्या नोंदी तपासल्या, राज्याबाहेर जाऊन माणसे आणली आणि खटल्यांचा पाठपुरावा केला. शिक्षा झाल्या. कायदा तोच होता, न्यायालये तीच होती. हे वाघासाठी झाले. मराठवाड्यातील काळविटासाठी असा एक तपासनीसही नाही. संभाजीनगर, जालना आणि बीड मिळून वन्यजीव गुन्ह्यांपुरता एक प्रशिक्षित तपास गट आणि हे खटले मुळापासून जाणणारा एक सरकारी अभियोक्ता नेमणे, ही काही राज्याची तिजोरी रिकामी करणारी मागणी नव्हे. पंचाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी न्यायालयाच्या आवारात त्याच्या हातावर ठेवणे, ही तर त्याहून लहान बाब. तक्रारीवरील खटल्यात साक्षीदाराला दोनदा बोलावणाऱ्या पद्धतीला वन्यजीव गुन्ह्यांत अपवाद करणे संसदेच्या हातात आहे. २०२३ मध्ये तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले तेव्हा ती संधी होती, ती हुकली.

देवघरातील मुद्देमाल

आतापर्यंत पोत्याचा एकच टोकाकडचा प्रवास पाहिला. दुसरे टोक वडीगोद्रीत नाही, ते शहरांत आहे, आणि त्याबद्दल संकोच न करता बोलायला हवे. घोरपड हा पहिल्या अनुसूचीतील प्राणी. तिच्या नराचे जननेंद्रिय वाळवून ‘हत्ताजोडी’ नावाने, दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून, लक्ष्मीप्राप्तीसाठी विकले जात असल्याचे २०१७ मध्ये उजेडात आले. पूजासाहित्याच्या दुकानांतून आणि संगणकावरील बाजारांतून ती सुशिक्षित घरांत गेली, डबीत शेंदरात ठेवली गेली, तिला धूप दाखवला गेला. मांडूळ गुप्तधन दाखवते, ही अफवा मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात किती जणांना गजाआड घेऊन गेली, याचे दाखले स्थानिक वृत्तपत्रांत सतत सापडतात. दिवाळीच्या सुमारास घुबडे पकडली जातात; ज्या लक्ष्मीचे ते वाहन, तिच्याच नावाने त्यांची मान कापली जाते. यातले काहीही धर्म नव्हे. कोणत्याही स्मृतीत किंवा पुराणात घोरपडीचे इंद्रिय पुजायला सांगितलेले नाही. हा भोंदूंचा व्यापार आहे आणि त्याचे गिऱ्हाईक परराष्ट्रात नसून आपल्या आळीत राहते.

न्यायालय या गिऱ्हाइकापर्यंत क्वचितच पोहोचते. पण पोहोचणारे दुसरे कोणी असते. २००५ च्या सुमारास तिबेटमध्ये वाघ-बिबट्यांच्या कातड्यांची किनार लावलेले अंगरखे मिरवण्याची लाट आली होती आणि भारतातून कातडी तिकडे जात होती. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी आपल्या लोकांना याची लाज वाटायला हवी, अशा आशयाचे आवाहन केले. काही आठवड्यांतच तिबेटमध्ये लोकांनी आपली मौल्यवान कातडी रस्त्यावर आणून जाळली. ज्यांच्यावर कोणत्याही भारतीय न्यायालयाचे वॉरंट बजावता आले नसते, त्यांनी ती स्वतः जाळली. महाराष्ट्रात कीर्तनकारांची आणि प्रवचनकारांची परंपरा खंडित झालेली नाही. वडीगोद्रीहून नाथांचे पैठणही दूर नाही. सप्ताहातल्या एका कीर्तनात हत्ताजोडीचे खरे स्वरूप नाव घेऊन सांगितले गेले, तर देवघरातली डबी किती घरांतून बाहेर पडेल, याचा प्रयोग अजून व्हायचा आहे.

तोवर अंबडला तारीख असते. पंच आलेला असतो, आरोपी आलेला असतो, परिक्षेत्र अधिकारी मात्र पीक-नुकसानीच्या पंचनाम्यासाठी शिवारात गेलेला असतो. काळविटांनी तूर खाल्ल्याचा अर्ज त्याच पंचाने केलेला असतो.